कर्जदाराचं पूर्ण नाव

३ जून २०२५, मंगळवार

समोरच्या घरातले अण्णाराव म्हणाले, एक वही करा. कोण बोललं, किती वाजता बोललं, काय म्हणालं, सगळं तारखेनिशी लिहून ठेवा. ते चौतीस वर्षं बँकेत कारकून होते. कुठलंही दुखणं वहीत उतरवलं की निम्मं बरं होतं अशी त्यांची समजूत आहे. मी लेकीची, सृष्टीची, बारावीची जीवशास्त्राची वही काढली. पुढच्या पानांवर बेडकाचं पोट फाडलेलं आहे, मागची कोरी पानं माझी.

तर नोंद. सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. बाईचा आवाज, बोलणं पुण्याकडचं, नाव पूजा. तिनं ह्यांचं नाव घेतलं आणि विचारलं, "सर आहेत का?"

"न्हाईत."

"कधी भेटतील?"

"ते वारले. दिवाळी झाल्यावर. सात महिने झाले."

"ओके मॅडम. मग सर आले की त्यांना सांगा, त्यांच्या पर्सनल लोनचे एकाहत्तर हजार चारशे रुपये थकलेत."

मी म्हणाले, सांगते. मग तव्यावरची भाकरी उलटली.

५ जून

अकरा वाजता फोन. आज पूजा नव्हती, कोणी रोहित होता. त्यानंही ह्यांनाच मागितलं.

हे उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की मूठभर इकडं नाही, मूठभर तिकडं नाही. व्यापारी म्हणायचे, ह्या माणसाला पोटापाण्याची अक्कल नाही. असा माणूस सत्तर हजार उचलून बायकोला सांगणार नाही, असं मी अण्णारावांना छातीठोकपणे सांगितलं. घरी आल्यावर तितकं छातीठोक वाटेना.

अण्णारावांच्या तारामतीबाई चटणीला शेंगदाणे भाजायला आल्या होत्या. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून लातूर-नांदेडच्या दुकानांना पाठवते, त्यावर घर चालतं. भाजता भाजता त्या म्हणाल्या, "शिवकन्या, तू आजून एकदाबी रडली न्हाईस गं. असं आत धरून ठेवल्यानं माणसाला काय काय होतंय." माझ्या जावेनं तर ह्यांना समाधी दिली त्या दिवशीच मला दगड म्हटलं होतं. मी काय करू? येतच नाही. आणखी किती शेंगा आहेत ते बघितलं. अडीच किलो.

९ जून, सोमवार

अण्णाराव पत्र लिहायला बसले. कंपनीला रजिस्टरनं पाठवायचं की कर्जाचा करारनामा दाखवा, सही दाखवा, पैसे कुठल्या खात्यात टाकले ते दाखवा. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "त्येंचं पूर्ण नाव सांगा."

मी आधार कार्ड पुढं केलं.

"वहिनी, आता तरी घ्या की नाव. कोण वरडायलंय तुमाला?"

कोणी ओरडत नाही हे खरं. पण तेवीस वर्षांच्या संसारात मी ते नाव दोनदा तोंडातून काढलं आहे. लग्नात उखाण्यात आणि सृष्टीच्या बारशाला. रेशन दुकानात, दवाखान्यात, मतदानाला मी कार्डच पुढं करते. आमच्या घरात बायका घेत नाहीत, सासूबाईंनी घेतलं नाही, आईनं घेतलं नाही. आता माणूस नाही म्हणून जिभेला मोकळीक मिळाली, हे काही मला पटत नाही. या वहीतसुद्धा लिहायला हात धजत नाही.

अण्णारावांनी कार्डावरून उतरवून घेतलं. म्हणाले, "ध्यानात ठिवा, कागदाशिवाय एक पैसा द्यायचा न्हाई. शंभर रुपये जरी दिलाव तरी कर्ज कबूल केल्यासारखं होतंय."

१० जून

अकरा. रोहित. मी अण्णारावांनी शिकवलेलं म्हटलं, कागद दाखवा.

"दाखवू मॅडम. आधी कर्जदाराचं नाव कन्फर्म करा."

"तुमच्याकडं हाय की. तुमीच घ्या."

त्यानं नाव आणि आडनाव घेतलं. "हेच ना?"

"हाव. हेच."

"थँक्यू मॅडम." फोन बंद. कागदाचं काही बोलला नाही.

एक मावसभाऊ रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतो, त्याला दुपारी ब्लॉक केलं. सोपं असतं, दोनदा दाबायचं.

१४ जून, शनिवार

सृष्टी आली. लातूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, आता दुसरं लागेल. फी साठ हजार, वीस जुलैच्या आत. ह्यांनी पतसंस्थेत तेवढ्यासाठीच एफडी करून ठेवलेली आहे, पासष्ट हजारांची. तेवढे सोडले तर आमच्याकडं भाकरीचं पीठ आहे.

आल्या आल्या तिनं माझा फोन हातात घेतला. "मम्मी, दहा-बारा कॉल! ब्लॉक कर की."

"मला जमत न्हाई ते."

"दे, मी करते."

मी फोन काढून घेतला. म्हटलं, अण्णाराव नोंदी ठेवायला सांगतात, फोनच आला नाही तर नोंद कशाची ठेवू? ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "पप्पांनी ठेवलेल्या फीच्या पैशाला हात लावायचा न्हाई हां मम्मी. ते लोक फसवायलेत." मी म्हटलं, मी काय खुळी आहे का. मग तिला भाकरीवर लोणी घालून दिलं.

१७ जून

अकरा वाजता फोन नाही. बाराला नाही. एकदा वाटलं रेंज गेली असेल म्हणून वर माळवदावर चढून आले. दिवसभर चटणीत मीठ पडलं की नाही तेच आठवेना.

१८ जून

आला. अकरा वाजून एक मिनिट. पूजा होती. सर्दी झाली होती म्हणे.

२३ जून, सोमवार

आज माणूसच आला. दुपारी बाराला, मोटारसायकलवर, पाठीला बॅग. आनंदराज नाव, देगलूरचा, तिशीतला असेल. दारातूनच ह्यांचं नाव घेऊन म्हणाला, "साहेब हायेत का आक्का?"

मी भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवलं. त्यानं फोटोला लावलेली विभूती बघितली, हात जोडले, हेल्मेट खाली ठेवलं. घामानं भिजला होता. दारात आलेल्याला तसंच कसं घालवायचं? पाणी दिलं, दोन कडक भाकऱ्या, चटणी आणि दही दिलं. त्यानं खाल्लं.

"कागद हाय का?" मी विचारलं.

बॅगेतून त्यानं एक यादी काढली. एका पानावर चाळीसेक नाव-आडनावं, रक्कम, फोन नंबर. ह्यांची ओळ अठरावी. "माझ्याकडं एवढंच हाय आक्का. खरं सांगू का, वरच्यांकडं तरी काही हाय का, मला म्हाईत न्हाई. ही यादी एका कंपनीनं दुसरीला इकली, दुसरीनं आमाला. मला एका भेटीचे नव्वद रुपये मिळतेत."

जाताना त्याला मोबाइलवर शेरा भरायचा होता. 'मयत' असा शेरा त्या यादीत नाही म्हणे. पैसे दिले, नकार दिला, घर बंद, ग्राहक घरी नाही, एवढेच आहेत. मृत्यूच्या दाखल्याचा फोटो मी रोहितला दोनदा पाठवलाय. तो म्हणतो, अपडेट व्हायला वेळ लागतो.

"मग काय भरलाव?"

"ग्राहक घरी नाही, पुन्हा येणे."

मी म्हटलं, ठीक आहे. खरंच ठीक वाटलं. पुन्हा येईन म्हणाला तर त्याला पुढच्या खेपेला धपाटे करून घालीन असं ठरवलं.

३० जून

ट्रंक उपसली. ह्यांचं मापाड्याचं लायसन, आधार, दोन शर्ट, गुडघ्याच्या गोळ्या. कर्जाचा कागद नाही.

हे दर दोन-तीन महिन्यांनी लातूरला जायचे, गुडघ्याच्या डॉक्टरकडं. पण चिठ्ठ्या मोजल्या तर चारच निघाल्या आणि फेऱ्या तर पुष्कळ झाल्या होत्या. मग बाकीच्या वेळी कुठं जात होते? कुणाला पैसे देत होते का? कुणाचं दुखणं काढत होते? कर्ज खरंच असलं तर कशासाठी? तासभर ट्रंकेपुढं बसून हेच करत होते. अशा विचारानं बाईला राग यायला पाहिजे. मला आला नाही. ह्यांचं अजून काहीतरी मला कळायचं राहिलंय, असं वाटून उलट जरा भूक लागली आणि खूप दिवसांनी मी बसून जेवले.

७ जुलै, सोमवार

अकरा. रोहित. आज आवाज चढवून बोलला. दहा दिवसांत चाळीस हजार भरले तर खातं कायमचं बंद, नाहीतर गल्लीत माणसं पाठवून सगळ्यांसमोर थकबाकीदार म्हणून नाव पुकारणार.

दिवसभर हात चालत होते आणि डोकं बंद. संध्याकाळी अण्णारावांना सांगितलं, मी भरते.

ते उभेच राहिले. "वहिनी, कागद न्हाई, पत्तर न्हाई. आपल्या पत्राला उत्तर न्हाई, निस्ती पोचपावती. आन् तुमी लेकराच्या फीचे पैसे त्येंच्या घशात घालायलाव?"

मी म्हटलं, आमच्यात माणसाला बसवून माती देतात. जन्मभर काट्यावर बसलेला माणूस तिथं देणेकरी म्हणून बसलेला मला नको.

"आन् सृष्टीचं?"

भाकऱ्या जास्त करीन म्हटलं. पस्तीस हजारांच्या भाकऱ्या तेरा दिवसांत. अण्णारावांनी हिशेब केला नाही, हे त्यांचे उपकार.

११ जुलै

एफडी मोडली. पतसंस्थेतल्या मुलीनं विचारलं, काय काम काढलं? म्हटलं, घरचं.

१४ जुलै, सोमवार

लातूरला जाऊन आले. सविस्तर लिहायला पाहिजे.

पैसे फोनवरून पाठवण्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून आनंदराजकडून कचेरीचा पत्ता घेतला होता. मोबाइलच्या दुकानावर दुसरा मजला. सृष्टी बसस्टँडवर आली, पिशवी बघितली, तिला कळलं. जिन्यात म्हणाली, "माझं वर्ष गेलं तर चालंल तुला?" मी म्हटलं, पप्पांचं नाव आहे ना बाई. ती म्हणाली, "पप्पा असते तर तुला हाताला धरून खाली नेलं असतं." आणि आधार कार्ड घेऊन झेरॉक्स काढायला निघून गेली, पाय आपटत.

आत एक पोरगेला माणूस कॉम्प्युटरपुढं होता. मागं बाकावर चारपाच जण, सगळ्यांची तोंडं परीक्षेला बसल्यासारखी. मी सांगितलं, चाळीस हजार भरायचेत.

"ग्राहकाचं पूर्ण नाव?"

"हाय की तुमच्याकडं. रोज फोन करताव."

"नाव-आडनावावर पान उघडत न्हाई काकू. सेटलमेंटला वडलांच्या नावासकट लागतंय."

"पोरगी खाली गेलीय. कार्ड आणायलीय."

"मागं लोक थांबलेत. नाव सांगायला कार्ड कशाला पाहिजे?"

खरंच कशाला पाहिजे? मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाले, "सोमेश वीरण्णा शेटकार. उदगीर."

काही झालं नाही. पंखा फिरत होता, बाकावरचा एक जण जांभई देत होता. मी मात्र टेबल धरलं. नाव माझ्याच आवाजात कानावर आलं आणि मागं वळून बघावंसं वाटलं, कुणी 'ओ' देतंय का म्हणून.

तो टाइप करत होता. थांबला. पुन्हा टाइप केलं. "वीरण्णा? हितं तर गंगाधर हाय. सोमेश गंगाधर शेटकार. नायगाव. वय चौतीस."

"माझे एक्कावन्नचे होते."

"मग हे तुमचे न्हाईत काकू."

तेवढ्यात सृष्टी आली. तिनं दोन मिनिटांत समजून घेतलं आणि तोंड सोडलं. करारनामा दाखवा, सही दाखवा. तो म्हणाला, फाइल मागच्या कंपनीकडून आलीच नाही, आमच्याकडं ही एवढी ओळ आहे. मग उदगीरचा नंबर कुठून आला? नंबर लागत नसला की नावावरून हुडकतात म्हणे. एक सोमेश शेटकार सापडला, लावला.

मग तो माझ्यावरच उलटला. "काकू, चूक तुमची बी हाय. प्रत्येक फोनला इचारलंय, हेच का म्हणून. रेकॉर्डिंग हाय. सतरा बार तुमी हाव म्हणालाव. पहिल्याच दिवशी पूर्ण नाव सांगितलं असतं तर मिटलं असतं."

सृष्टी माझ्याकडं बघायला लागली. तिला कळलं असावं. माझी मान खाली गेली. नाव घ्यायचं नाही म्हणून दीड महिना मी दुसऱ्याच माणसाच्या कर्जाला हाव, हाव करत होते, आणि त्यापायी लेकीचं वर्ष घालवायला पिशवीत पैसे घेऊन आले होते. एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

सृष्टीनं शिक्का मारून लेखी घेतलं: सदर कर्जाशी उदगीर येथील सोमेश वीरण्णा शेटकार यांचा संबंध नाही, त्यांचा नंबर यादीतून काढण्यात येत आहे. एफडीचे सगळेच पैसे पिशवीत होते; तिथूनच आम्ही तिच्या कॉलेजात गेलो आणि फी भरली. पावती घेताना ती हसली आणि तिनं मला सगळ्यांपुढं मिठी मारली. मी पण हसले. एफडी लवकर मोडली म्हणून व्याजातले तेराशे गेले, ते जाऊ देत.

बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात येत राहिली. म्हणजे लातूरच्या त्या फेऱ्यांत काही नव्हतं. हे गुडघाच दाखवायला जात होते आणि चिठ्ठ्या हरवत होते.

१५ जुलै

अण्णारावांनी कंपनीचं पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पेढे त्यांनीच आणले. तारामतीबाई म्हणाल्या, जिंकलीस बघ. हाव म्हटलं.

अकरा वाजता फोन नाही.

१६ जुलै

नाही.

१७ जुलै

नाही. पन्नास भाकऱ्या केल्या, नांदेडची ऑर्डर.

२१ जुलै, सोमवार

फोन वाजला आणि मी तवा तसाच टाकून धावले. आनंदराज होता. "आक्का, तुमचं नाव निघालं यादीतून. मी आता नायगावच्या त्या माणसाकडं चाललोय, म्हणलं तुमाला सांगावं."

मी म्हटलं, त्यालाही सांगा, कागद मागायचा. बिनकागदाचं काही द्यायचं नाही.

"मीच सांगू व्हय?" तो हसला. "माझे नव्वद रुपये जातेत की आक्का." पण सांगेन म्हणाला.

मी विचारलं, उदगीरला येणं होतं का कधी. तो म्हणाला, आता तुमच्याकडं काम काय राहिलं?

खरंच आहे.

२४ जुलै, गुरुवार

उद्यापासून श्रावण. घर धुतलं. अकरा वाजता हात पुसून खाटेवर बसले. सव्वाअकरा झाले. मग त्यांच्या नंबरवर मीच फोन लावला. का लावला ते मला सांगता येणार नाही, अण्णारावांना तर अजिबात नाही.

पूजाच होती. आवाज ओळखला, तिनं माझा ओळखला नाही. "बोला मॅडम, कुणाच्या खात्याबद्दल?"

आता जीभ अडली नाही. म्हटलं, "सोमेश वीरण्णा शेटकार. उदगीर."

टाइप केल्याचा आवाज आला. "एक मिनिट हां मॅडम." पुन्हा आवाज. "नाही मॅडम. या नावाचं आमच्याकडे कोणी नाही."

"नीट बघा की."

"बघितलं मॅडम. कोणीच नाही."

"हाव," मी म्हणाले. "माझ्याकडंबी न्हाई."

मग म्हणाली, "आणखी काही मदत हवी आहे का?" मी नको म्हटलं आणि फोन ठेवला.

मग भिंतीला टेकून खाली बसले आणि इतक्या मोठ्यानं रडले की तारामतीबाई रस्ता ओलांडून तशाच अनवाणी धावत आल्या. पदर सावरत विचारायला लागल्या, काय झालं गं, सृष्टीला काही झालं का, बोल की.

मी म्हटलं, "हे गेले."

आठ महिने झाले असं त्या म्हणाल्या नाहीत. दार लोटून घेतलं, माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि विचारलं, "कधी गं?"